घरात शिरेल तो दळेल!

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पिठाचा डबा कितीही झाडला तरी तळाशी थोडं पीठ राहतंच, तसे ते राहतात. पिंपरीच्या आमच्या जुन्या लाइनीतल्या आम्ही दोघीतिघी अजून आहोत. कुणाच्या घरी बारसं-लग्न निघालं की भेटतो, आणि चहा येईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "अगं, ते आपले दारुडे आठवतात का?" की झालं! नातसुना कामं टाकून येऊन बसतात, हसून हसून डोळे पुसतात आणि शेवटी विचारतात, "आजी, पण तुम्हाला भीती नाही वाटायची?"

वाटायची तर! आता माझ्या नातवाच्या फ्लॅटला दोन दारं आहेत, दाराला भिंग आहे, वर कॅमेरा आहे. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. आमच्याकडे गंगूकाकू होत्या.

* * *

एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती वर्षं. पिंपरीत कारखाना नुकता उभा राहिला होता. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला पवना नदी, मध्ये जोंधळ्याची रानं आणि त्या रानांत कामगारांच्या क्वार्टर्सच्या लाइनी. साताऱ्याकडून लग्न करून मी थेट तिथं आले. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं न्हाणी. माझं स्वतःचं घर, माझी स्वतःची चूल! गावाकडे सोळा माणसांत मला कोपरासुद्धा माझा नव्हता. त्या दोन खोल्यांवर माझा इतका जीव होता की मी दिवसातून तीनदा झाडायची.

मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला पाठवताना एकच अट घातली होती. "तिकडं सारी परकी माणसं. काही वेडंवाकडं कानावर आलं, तर पयल्या गाडीनं सूनबाई परत." मामंजी म्हणजे गावातलं वजनदार माणूस. त्यांच्यासमोर मी मान वर केली नव्हती, मग उलट बोलणं दूरच.

आणि वेडंवाकडं तर रोजच दारात उभं असायचं. त्या वेळी राज्यात दारूबंदी होती. म्हणजे दारू होती, फक्त ती नदीकाठी होती! संध्याकाळी लोक बाभळींतून गुपचूप नदीकडे जायचे आणि दिवेलागणीला झुलत परत यायचे. आमच्या साऱ्या लाइनी साच्यातून काढल्यासारख्या. तोच ओटा, तेच हिरवं दार. नंबर वर चौकटीवर रंगवलेला, पण झुलणारा माणूस मान वर करतो कशाला? तो आपला दारं मोजत यायचा. पुष्कळांची घरं रस्त्याकडून तिसरी होती. ते बिचारे नदीकडून तिसरं दार मोजायचे. नदीकडून तिसरं घर माझं!

पहिल्यांदा आला तो रामभाऊ. मागच्या लाइनीतला, बॉयलर खात्यातला. आमच्या ह्यांची दुसरी पाळी होती, मी एकटीच भाकऱ्या थापत होते. दार लोटून आत आला, चपला नीट जागेवर काढल्या आणि भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "अनसूये, वाढ."

मी हातातली भाकरी तशीच टाकून उठले. कशीबशी म्हणाले, "हे तुमचं घर नाही!"

"अशी कशी न्हाई? माझंच घर हाय!" तो म्हणाला, आणि शेजारच्या जात्यावर हात टेकून डोळे मिटले.

जातं माझं नव्हतं, गंगूकाकूंचं होतं. काकू शेजारच्या दारातल्या, माहेर चिखलीचं. माहेरचं जातं बैलगाडीतून आणलं होतं, पण पाच पोरांच्या घरात त्याला जागा नव्हती. "सुमे, तुज्याकडं दोनच मानसं. ऱ्हाऊ दे तुज्याकडं," असं म्हणून त्यांनी ते माझ्या पुढच्या खोलीत बसवलेलं.

काकूंनी रामभाऊला शिरताना पाहिलं होतं. मुसळ घेऊनच आल्या. आता टाळकं फुटतंय म्हणून मी डोळे मिटले. काकू म्हणाल्या, "पिऊन आलास व्हय? मग रिकामा का बसलास? दळ!"

आणि रामभाऊ दळायला लागला! काकू मूठ मूठ जोंधळे घालतायत, तो खुंटा फिरवतोय. अर्ध्या तासात घामानं चिंब झाला, दारू उतरली, समोर कोण बसलंय ते दिसलं. तसा चपला हातात घेऊन पळाला.

"पिलेल्या मानसाला बाहीर ढकलू न्हाई," काकू मला म्हणाल्या. "ढकललं की त्याला चेव येतो. त्याला हुकूम सोडायचा. दिसभर मुकादमाचंच ऐकतंय ते, आपलं बी ऐकतंय."

त्या दिवशी मला दोन गोष्टी मिळाल्या. भीतीवरचं औषध आणि दोन दिवसांचं पीठ.

* * *

आमच्या ह्यांना मात्र हे पसंत पडेना. "काकू नसल्या घरी तर?" ते कारखान्यात सेफ्टीचे बोर्ड वाचून आलेले. एका रविवारी त्यांनी बंदोबस्त केला. दाराच्या कडीपासून सुतळी काढली, ती खिळ्यांवरून वर फळीपर्यंत नेली आणि फळीवर पितळेची भांडी रचली. दार कुणी ढकललं की भांडी खाली, आवाज साऱ्या लाइनीत! मला समोर उभं करून समजावून सांगितलं, "याला म्हणतात अलार्म सिस्टिम."

सोमवारी पहिली पाळी करून दुपारी हे घरी आले, आणि रोजच्यासारखं दार ढकललं.

लाइनीतल्या साऱ्या बाया धावत आल्या. हे उंबऱ्यात बसलेले, डोक्यावर टेंगूळ, मांडीवर तपेली. काकूंनी मुसळ खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "वाजतंय की झ्याक!"

संध्याकाळी सुतळी निघाली. ती चेपलेली तपेली मी अजून टाकलेली नाही. माझ्यासाठी एवढा विचार करणारा माणूस मला मिळाला, हे ती बघितली की आठवतं.

* * *

लाइनींच्या पलीकडे शिकाऊ पोरांचं होस्टेल होतं. लांबलांबच्या गावांहून, कॉलेजं करून आलेली मुलं. आईबाप दूर, नदी जवळ! एका संध्याकाळी त्यातले दोघं माझ्या घरात आले. एक चष्मेवाला, एक उंच. होस्टेलची खोली समजून उंच पोरगा सरळ आमच्या गादीवर आडवा झाला. चष्मेवाला मला बघून दचकला आणि म्हणाला, "मॅडम, लेडीज नॉट अलाउड!"

माझ्याच घरात मला मनाई!

आता मला काकूंची वाट बघायची गरज नव्हती. पदर खोचला आणि म्हटलं, "रूल नंतर सांग. आधी दळायला बस." दोघंही समोरासमोर बसले, एका खुंट्याला चार हात. शिकलेली पोरं, त्यामुळे कुणी कुठल्या दिशेनं फिरवायचं यावरच त्यांचा वाद! थोडं पीठ पडलं, बरंच भांडण झालं. काकू येऊन बघतात तर उंच पोरगा रडत होता. "माझी आई अशीच दळते," म्हणाला.

काकूंनी त्याला उठवलं, तोंड धुवायला लावलं आणि दोघांना गरम भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शुद्धीवर, मान खाली घालून दारात. हातात लोखंडी कडी आणि हत्यारं. "वहिनी, तुमच्या दाराची कडी कच्ची आहे. कुणीही शिरतं." कुणीही म्हणजे कोण, हे आम्ही कुणीच बोललो नाही. दुपारपर्यंत ठोकपीट करून त्यांनी कडी अशी भक्कम बसवली की हत्तीच्यानं निघू नये. फक्त बसवली ती दाराच्या बाहेरून!

मी म्हटलं, "बाबांनो, मी आतून काय लावू?" दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. काकू मात्र खूश. "ऱ्हाऊ दे, लई कामाची हाय. मानूस आत आला की आपुन बाहीर निगायचं आन् कडी लावायची. जातंय कुटं?"

ती पोरं पुढं मोठी साहेब झाली. उंच पोरगा दर दिवाळीला फराळाला यायचा, आणि दारातूनच विचारायचा, "वहिनी, बसू का दळायला?"

* * *

तक्रारी वाढल्या तेव्हा कॉलनीला एक रखवालदार मिळाला. पांडोबा. पलटणीतून आलेला, कडक इस्त्री, छातीवर शिट्टी. आम्हाला वाटलं, सुटलो.

पांडोबाला हुकूम होता, पिलेला माणूस सापडला तर त्याला त्याच्या घरी पोचवायचं. पांडोबा हुकमाचा पक्का. रामभाऊला बखोटीला धरून त्यानं पहिल्या दारापासून सुरुवात केली. टकटक करायचं, सलाम ठोकायचा आणि विचारायचं, "बाई, हे तुमचे का?"

"अगंबाई, न्हाई!" की दार बंद. पुढचं दार. "हे तुमचे का?"

साऱ्या लाइनीत अशी वरात. मागच्या लाइनीत अनसूयाचं दार आलं, रामभाऊच्या खऱ्या बायकोचं. तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया ओट्यावर उभ्या राहून बघतायत. "हे तुमचे का?"

अनसूयानं नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. म्हणाली, "माजे उभे ऱ्हात्यात. हे कुनाचे, ठावं न्हाई!"

पांडोबानं पुन्हा सलाम ठोकला आणि रामभाऊला आणून माझ्या ओट्यावर बसवला. "बाई, कुणाचेच नाहीत. तुमच्याकडं जातं आहे म्हणतात."

* * *

आता रामभाऊचं एक सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की तो वाईट होता. तो वाईट नव्हता हो. पोटची पोरगी गेली होती त्याची, म्हणून प्यायचा. दळता दळता गुणगुणायचा, आणि पुरुषाच्या तोंडी ओव्या ऐकून लाइनीतल्या बाया खिडकीशी जमायच्या. शुद्धीवर असला की मला बघून रस्ता बदलायचा.

पहिल्याच दिवाळीत, भाऊबीजेला, दुपारी तो दारात आला. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, बरोबर अनसूया. हातात नारळ आणि खण. माझा सख्खा भाऊ तिकडं साताऱ्याला, सकाळपासून माझे डोळे भरून येत होते. रामभाऊ म्हणाला, "ताई, ववाळशीला का? तुज्या दारात येतो, तर रीतीनं एकदा यावं म्हनलं."

मी ओवाळलं. त्यानं खण दिला आणि हळूच विचारलं, "ताई, परवाचं पीठ... भाकरी मोडत तर न्हवती ना?"

मी हसले आणि रडलेही. त्या परक्या गावात मला भाऊ मिळाला तो असा, चुकीच्या दारातून आला म्हणून.

* * *

आणि मग ज्याची धास्ती होती ते झालं. आमच्या गावचा एक पाहुणा कारखान्यात लागला होता. त्यानं सुट्टीत गावी जाऊन तिखटमीठ लावून सांगितलं, "तुमच्या सूनबाईच्या घरात दारुडे बसून असत्यात!"

मामंजी न कळवता निघाले. मी त्या दिवशी पिंपरीच्या बाजाराला गेलेली, ह्यांची दुसरी पाळी. संध्याकाळी ते पोचले, बाहेरची कडी काढली आणि आत जाऊन बसले. इंजिनाचा कोळसा जाऊन डोळे लालभडक झालेले, फेटा सुटलेला, गाडीत अवघडून पायाला मुंग्या आलेल्या.

तेवढ्यात रामभाऊ आला. थोडी घेतलेली होती. दारात पाय ठेवला आणि बघतो तर ताईच्या घरात परका माणूस! लाल डोळ्यांचा, फेटा सुटलेला!

रामभाऊनं गडबड केली नाही. मागच्या मागं बाहेर आला, बाहेरून कडी घातली आणि ओट्यावरून हाक दिली, "काकू! ताईच्या घरात कोन तरी शिरलंय!"

काकू मुसळ घेऊन आल्या. मागून अनसूया, मागून सारी लाइन. दार उघडलं. मामंजी संतापानं उठायला गेले, पण पायाला मुंग्या! झोकांडी गेली आणि भिंतीला टेकले. काकूंनी मागं वळून बायांकडे बघितलं, बायांनी 'पिलेलाच' म्हणून माना डोलावल्या.

"कोन रं तू?" काकूंनी विचारलं.

"मी कोन? माझ्याच पोराचं घर हाय हे!" मामंजी गरजले.

आता तुम्हीच सांगा, काकूंची काय चूक? आमच्या लाइनीत शिरलेला प्रत्येक दारुडा हेच म्हणत आलेला!

"समदे असंच म्हंत्यात," काकू म्हणाल्या. खोलीत दारूचा वास तर येतच होता. तो बाजूला उभ्या राहिलेल्या रामभाऊचा होता, पण वासावर काही नाव लिहिलेलं नसतं. "रिकामा नगं बसूस. दळ!"

"मी? मी दळू?"

"मुसळ दिसतंय न्हवं?"

रामभाऊनं मामंजींच्या खांद्यावर हात ठेवला. अनुभवी माणूस! म्हणाला, "बसा दादा. मी बी इतंच सुदारतो. सुरवातीला जड जातंय."

मी भाजीची पिशवी घेऊन आले तेव्हा ओट्यावर ही गर्दी. बाया मला वाट देत म्हणाल्या, "घाबरू नको, धरलाय." आत पाऊल टाकलं आणि माझ्या हातातली पिशवी सुटली. टोमॅटो गडगडत जात्यापाशी गेले. गावातलं वजनदार माणूस मांडी ठोकून बसलेलं, मिशांवर पीठ, आणि रामभाऊ शेजारी बसून त्यांना जोंधळे घालून देतोय!

"मामंजी!" मी ओरडले आणि पदर डोक्यावर ओढला.

काकूंचं मुसळ खाली पडलं. अनसूयानं कपाळाला हात लावला. मी मनात म्हटलं, संपलं. उद्याची पहिली गाडी. माझी चूल, माझ्या दोन खोल्या, सारं गेलं.

मामंजींनी माझ्याकडे बघितलं नाही. हात थांबला नव्हता. आणखी एक मूठ दळून काढली. मग म्हणाले, "सूनबाई, पीठ बारीक पायजे का जाडं?"

माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे. मी म्हटलं, "बारीक."

त्यांनी उरलेलं सगळं दळलं. बारीक! मग हात झटकले, काकूंकडे वळले आणि विचारलं, "बाई, माझ्या सुनंच्या घरात परका मानूस शिरला तर रोज एवढ्या जनी येता?"

"येतो की," काकू मान खाली घालून म्हणाल्या. "आन् कोन येनार?"

रात्री जेवताना मामंजींनी रामभाऊला पंगतीला बसवून घेतलं. सकाळी निघताना मात्र मला एवढंच म्हणाले, "काल झालं ते गावाकडं कुनाला सांगू नगंस. तुला हितं ठेवायचं का न्यायचं, ते तुझी सासू येऊन ठरवील." काकूंनी ते ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी मला एक काम करू दिलं नाही, जणू मी आता चार दिवसांचीच पाहुणी.

* * *

पुढच्या महिन्यात सासूबाई आल्या. बरोबर रिकामी ट्रंक. ट्रंक रिकामी कशासाठी आणतात, हे काय सांगायला हवं? काकू, अनसूया, साऱ्या काहीबाही निमित्त काढून ओट्यावर येऊन बसल्या.

सासूबाईंनी घर बघितलं, न्हाणी बघितली. जात्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला आत चुलीपाशी ओढलं आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "पोरी, खरं सांग. तुजे मामंजी हितं आलते, तवा तुमी त्यांना काय केलं?"

मामंजींनी कुणाला सांगू नको म्हणून बजावलेलं! म्हटलं, "काही नाही आत्याबाई. चहा दिला, भाकरी दिली."

"न्हाई, काय तरी झालंय," सासूबाई म्हणाल्या. "हितनं आल्यापासनं पहाटं माज्या आदी उटत्यात. जात्यावर बसत्यात. मला म्हंत्यात, तू नीज. आन् वर इचारत्यात, बारीक पायजे का जाडं!"

ओट्यावर कुणाला तरी जोराचा ठसका लागला. मी खाली मान घालून चुलीतली लाकडं मागंपुढं करत राहिले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, ओट्यावरच्या बायांकडे बघितलं, भिंतीला टेकवलेल्या मुसळाकडे बघितलं. मग बाहेर जाऊन ती रिकामी ट्रंक उचलली आणि माझ्या कोपऱ्यात सरकवली.

"ही ऱ्हाऊ दे तुला, लुगडी ठेवायला," त्या म्हणाल्या. "आन् पुढल्या म्हयन्यात त्यांना परत धाडते. बघा, पानी भरायचं बी शिकिवता आलं तर!"